पान पुस्तकातच राहू द्या

पॅरिसला सेन नदीच्या काठी जुन्या पुस्तकांच्या टपऱ्या आहेत. तिथे, आणि आता इंटरनेटवरही, पेअर, प्लम, पीच अशा फळांची जुनी छापील चित्रं सुटी विकायला असतात. फार देखणी असतात. पण पैसे काढण्याआधी विक्रेत्याला विचारा, हे पान कोणत्या पुस्तकातलं आणि ते पुस्तक आता कुठे आहे? पुष्कळदा पुस्तक उसवून पानं वेगळी केलेली असतात, कारण सुट्या पानांचे पैसे जास्त येतात. अशी पानं घेऊ नका, ही कळकळीची विनंती.

ही चित्रं नुसत्या शोभेसाठी काढलेली नव्हती. द्युआमेल द्यु मोन्सो या फ्रेंच विद्वानाने १७६८ साली फळझाडांवर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या त्यातल्या चित्रांत फळासोबत पानं आणि फूलही दिसतं. शेजारच्या मजकुरात साल कशी, गर कसा, फळ कधी पिकतं, हे जातवार सांगितलेलं आहे. आपल्याला हापूसमुळे ठाऊक आहे की कोय रुजवून तीच जात मिळण्याची खात्री नसते, कलमच बांधावं लागतं. पेअर-सफरचंदाचंही तसंच. कलम बांधणारे संपले की जात संपते, आणि मग उरतं ते चित्र आणि त्याचं वर्णन. दोन्हींची ताटातूट झाली की चित्र मुकं होतं.

इंग्लंडमधल्या हेरफर्डशायरच्या निसर्गप्रेमी मंडळाने जुन्या जाती नाहीशा होताना पाहूनच १८७६ ते १८८५ या काळात सफरचंद-पेअरच्या ४३२ जातींची नोंद काढली. ॲलिस एलिस आणि ईडिथ बुल या दोघींनी ती फळं रंगवली. प्रती निघाल्या फक्त ६००. त्यातली एक जरी फाडली गेली तरी ती उणीव भरून निघत नाही.

तुमच्या घरी असं चित्र आधीच असेल तर ते जपा. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. फ्रेमवाला मागे हार्डबोर्ड लावू लागला तर थांबवा. त्यातल्या आम्लाने कागद तपकिरी पडतो. आम्लरहित पुठ्ठा मागा, आणि काच कागदाला टेकणार नाही इतकं अंतर ठेवायला सांगा. ऊन येणारी भिंत नको, पावसाळ्यात ओल येणारी तर नकोच. कोकणात आणि मुंबईत बुरशी आणि कसर कागदाला सोडत नाहीत. पुस्तकाचं नाव, साल माहीत असेल तर मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, कडेला हलकेच लिहा.

अस्सल-नक्कल ओळखायला भिंग हवं. आजच्या छपाईत रंगीत ठिपके एकसारख्या जाळीत बसलेले दिसतात. मात्र ठिपके दिसले म्हणून लगेच नक्कल समजू नका. प्वातो आणि त्युर्पां यांनी १८०७ पासून द्युआमेलच्या ग्रंथाची जी नवी आवृत्ती काढली, तिची चित्रं तांब्यावर ठिपके टोचूनच घडवलेली आहेत. ते ठिपके हाताचे, म्हणून कमीजास्त असतात. चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची चौकट उमटलेली दिसली तर तीही चांगली खूण, पण कडा कापलेल्या असल्या तर ती सापडणार नाही.

भिंतीसाठीच चित्र हवं असेल तर बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर असे कितीतरी जुने ग्रंथ मोफत पाहता येतात. आवडलेलं पान उतरवून घ्या, चांगल्या कागदावर छापा आणि खाली फळाच्या जातीचं नाव राहू द्या.