दोन फुटांतला शार्क

बोनस झाला की माणसं काय काय घेतात. कुणी बाइक बुक करतं, कुणी गोव्याची तिकिटं काढतं. मी २०२३च्या दिवाळीत फिशटँक घेतला. दोन फुटी, वर एलईडी, आत निळी खडी आणि बुडबुडे सोडणारा खजिन्याचा पेटारा. घरून मीटिंग असली की मागे दिसेल, एकदम क्लास वाटेल, हा खरा हेतू!

दुकानात नजर गेली ती सिल्व्हर शार्कवर. चंदेरी अंग, काळ्या किनारीचे पर, पाठीवर तो फिल्मी त्रिकोण. बोटाएवढे तीस-चाळीस जण एकदम वळत होते, शाळेतल्या लेझीमसारखे. "शंभरला जोडी साहेब. टँकप्रमाणेच वाढतो," दुकानदार म्हणाला. मी जोडी घेतली.

हे वाक्य तुम्हालाही कुणी ऐकवलं असेल तर विसरून जा. मासा टँकचं माप बघून वाढायचा थांबत नाही. कमी जागेत, खराब पाण्यात त्याची वाढ खुंटते आणि तब्येत बिघडते. शिवाय हा शार्क मुळात शार्क नाहीच. आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला, आग्नेय आशियातल्या नद्यांमधला मासा. पूर्ण वाढला की फूटभराच्या वर जातो, नीट सांभाळला तर दहा वर्षं जगतो. राहतो थव्याने. पाच-सहा सोबती नसतील तर कायम दचकलेला असतो. 'शार्क' म्हणूनच खपणारा दुसरा मासा म्हणजे पंगासियस. तो मीटरभराचाही होतो. हॉटेलात आपण जो बासा मागवतो ना, तो बऱ्याचदा हाच!

हे सगळं ज्ञान मला नंतर झालं. जोडीतला एक आठवड्यातच गेला. माशांमुळे पाण्यात अमोनिया तयार होतो आणि तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये जमायला चार-सहा आठवडे लागतात. मी टँक शनिवारी भरला होता आणि रविवारी मासे सोडले होते.

दुसरा मात्र वाढला. वर्षभरात सात इंच. टँकची रुंदी एक फूट. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एसयूव्ही वळवावी तसा तो वळायचा. रात्री लाइट लावला की काचेवर आपटायचा. नाक सोलवटलेलं. मीटिंगमध्ये मागे दिसायचा खरा, पण कोपऱ्यात, न हलता. एका कलीगने विचारलं, "खरा आहे का रे तो?"

मग एका पहाटे आईची हाक. "अरे ऊठ, तुझा मासा फरशीवर पडलाय!" झाकणाच्या फटीतून त्याने उडी मारली होती. मी पोचेपर्यंत आईने ओल्या हातांनी उचलून त्याला पाण्यात सोडलंही होतं. अर्धा तास तो तिरका पोहत होता. चहा टाकताना आई एवढंच म्हणाली, "एकट्याला करमत नसेल रे."

त्या दिवशी ऑफिसात एक्सेल उघडलं. सहा बाय दोन बाय दोनचा टँक म्हणजे जवळजवळ ६८० लिटर पाणी, म्हणजेच ६८० किलो. काच आणि स्टँड वेगळं. आमचा भाड्याचा फ्लॅट, चौथा मजला. घरमालक भिंतीला खिळा मारू देत नाही! मित्र म्हणाला, "तलावात सोड ना, सुटेल बिचारा." हे तर अजिबात करू नका. फिशटँकच्या शौकातून बाहेर पडलेला परदेशी सकर मासा आज उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात येतो आणि खरखरीत अंगाने जाळी फाडतो.

महिनाभर विचारत फिरलो. शेवटी कोथरूडचे एक काका सापडले. तळमजला, आठ फुटी टँक, सहा सिल्व्हर शार्क. अट एकच: आधी दोन आठवडे वेगळ्या टबात, आजार नाही ना ते बघायला. झाकणाची बादली मांडीवर घेऊन मी रिक्षाने गेलो.

पंधरा दिवसांनी काकांचा फोन. "ये, आज सोडतोय." त्यांनी लाइट मंद केला. आमचे साहेब सवयीने कोपऱ्यात. ते सहा जण समोरून गेले, परत आले. तिसऱ्या फेरीला हा निघाला. आठ फूट, सरळ. इतक्या दिवसांत मी त्याला सरळ पोहताना पाहिलंच नव्हतं. मग सातही एकदम वळले आणि त्यातला माझा कुठला, ते मला कळेना.

"नाकावरची खूण बघ," काका म्हणाले. बघितली. तरी नाही सापडला.

माझ्या टँकमध्ये आता दहा झेब्रा आहेत. भारतातल्याच ओढ्या-नद्यांतला, जेमतेम दोन इंचांचा मासा, दोन फुटांत मस्त पळतो. या वेळी फिल्टर लावून, चिमूटभर खाद्य टाकत सहा आठवडे टँक रिकामा चालवला. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "मासे यायचेत अजून."

तुम्ही घेणार असाल तर दुकानात एकच विचारा, "मोठा झाला की केवढा?" उत्तर 'टँकप्रमाणे' असं आलं, तर पाकीट खिशातच राहू द्या.