चार वायू, चार टक्के

भंडारदऱ्याला मी काजवे बघायला गेलो नव्हतो. काजव्यांना मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात. त्या गाड्यांतली माणसं जी टाकी भरतात, ती उपसायला माझा चुलतभाऊ जातो. त्याच्याबरोबर गेलो. हॉटेलाचं नाव कशाला सांगू, मागं टाकी सगळ्यांच्याच असते.

तळाचा गाळ पाइप ओढेना. मॅनेजर म्हणाला, "उतर ना बाबा, पाहुणे जेवायला बसलेत." भावानं काडी पेटवून आत धरली. विझली नाही. म्हणजे हवा आहे, असं आमचा आजा सांगायचा. आजा चुकीचं सांगायचा. काडीला हायड्रोजन सल्फाइड कळत नाही, आणि मिथेन असला तर काडीच भडका उडवते. नाकाचाही भरवसा नाही. विष थोडं असलं तर कुजक्या अंड्याचा वास येतो, जास्त असलं की नाकच बधिर. वास गेला म्हणून माणूस उतरतो आणि मरतो.

माझ्या पिशवीत मित्रानं जुळवलेला गॅस डिटेक्टर होता, चार वायूंचा. दोरीनं सोडला. हातभर खाली जातो न जातो तोच किंचाळला. भाऊ उतरला नाही.

याच जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातल्या वाकडीत, ९ एप्रिल २०२४ ला स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. वाचवायला एकामागं एक उतरले, पाच मेले. कमरेला दोर होता तो वाचला. वायू जात विचारत नाही. पण रोज पोटासाठी उतरवायचं कुणाला, हे जातच ठरवते.

२०१३ च्या नियमांत डिटेक्टर द्या असं लिहिलंय. मग घ्यायचा कुणाकडून? दिल्लीचं २०१२ चं धोरण आहे: आता २५ टक्के खरेदी लहान उद्योगांकडून, त्यात ४ टक्के दलित-आदिवासींच्या. ते केंद्राच्या खात्यांना आणि कंपन्यांना लागू. गटार मात्र नगरपालिकेचं! मित्रानं एका पालिकेचं टेंडर भरायला घेतलं. अट काय, तर तीन वर्षं कोटींची उलाढाल. च्यायला, कोटी असते तर तो दोन खोल्यांत डिटेक्टर जुळवत बसला असता का?

पण दोस्तांनो, आपल्याला ४ टक्के मिळाले की झालं, हेही मला पटत नाही. विषारी वायूचा सेन्सर दोन-तीन वर्षांत मरतो. मधेमधे माहीत असलेला वायू सोडून तपासावा लागतो. पालिका डबा घेते, फोटो काढते, कपाटात ठेवते. सेन्सर बदलायचा खर्च ऑर्डरमध्ये नसतोच. असा मेलेला डबा आपल्या पोरानं विकला तरी खाली आपलाच माणूस मरणार. हे मित्राला तोंडावर बोललो. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

माझं म्हणणं एवढंच: जो टाकीच्या तोंडाशी उभा राहतो त्याच्यासमोर डिटेक्टर चालवून दाखवा, त्याची सही घ्या, मगच बिल काढा. सेन्सर आणि तपासणी त्याच ऑर्डरमध्ये घाला. आणि डिटेक्टर गप्प आहे म्हणून 'आता उतर' म्हणायची सोय कुणाला ठेवू नका. उपसायला मशीन आणा. मेल्यावर ३० लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलंय. डिटेक्टर हजारांत येतो.

निघताना मॅनेजरनं विचारलं, हे कुठं मिळतं? मी मित्राचा नंबर दिला. फोन अजून आलेला नाही. भावानं मात्र माझा डिटेक्टर परत दिलेला नाही.