नांव ठेवणें आणि नांवें ठेवणें

मराठी भाषेनें एका वचनांत केवढा भेद भरून ठेवला आहे! नांव ठेवलें तर बारसें होतें, आणि नांवें ठेवलीं कीं निंदा होते. पाळण्यांतील मुलास आपण नांव ठेवतो आणि शेजारच्या घरच्या स्वयंपाकास नांवें ठेवतो. हीं दोन्ही कामें नित्यनेमानें आणि पोटापाण्यासाठीं करणारा एक वर्ग आतां आपल्या समाजांत उत्पन्न झाला आहे. संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे प्रोग्रॅमर ते हेच. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचा मुलगा, सून किंवा नातू पुण्यास, बंगळुरास नाहींतर परदेशीं या उद्योगांत असेल. सुटींत घरीं आल्यावर ही मंडळी एखादें नांव उच्चारून खो खो हंसतात, आणि वडील माणसें घांस हातांत धरून एकमेकांकडे पाहतात. आज त्या विनोदाची फोड करावी आणि तीच वाट धरून वर्धा जिल्ह्यांतील एका गांवाच्या नामांतरापर्यंत यावें, असा आमचा विचार आहे. कारण या विषयांतील सर्वांत चांगला धडा, आमच्या मतें, त्या गांवीं मिळतो.

आधीं 'फंक्शन' म्हणजे काय तें पाहूं. स्वयंपाकघरांत सासूबाई सुनेस "फोडणी दे" एवढेंच सांगतात. तेल तापव, मोहरी तडतडूं दे, हिंग घाल, हळद घाल, हें सारें त्या दोन शब्दांत आलें. अनेक पायऱ्यांचें काम एकदां शिकवून ठेवावें, त्यास एक नांव द्यावें, आणि पुढें नुसतें नांव घेतांच तें काम व्हावें, यास प्रोग्रॅमर फंक्शन म्हणतात. मोठ्या आज्ञावलींत अशीं फंक्शनें हजारोंनीं असतात. गंमत अशी कीं, नांव कसें आहे याची संगणकास मुळींच पर्वा नसते. फोडणीस 'फोडणी' म्हणा, 'क्ष' म्हणा, नाहींतर 'आंघोळ' म्हणा. तो निमूटपणें तेल तापवील. नांव लागतें तें माणसास, आणि तेंही पुष्कळदां लिहिणारास नव्हे, तर चार वर्षांनीं तेंच लिखाण दुरुस्त करावयास बसणाऱ्या अपरिचितास. फिल कार्लटन या संगणकतज्ज्ञाच्या नांवावर एक वचन सांगितलें जातें. त्याचा भावार्थ असा कीं, या शास्त्रांत खरोखर अवघड कामें दोनच: साठवून ठेवलेली नक्कल शिळी केव्हां झाली हें ओळखणें हें एक, आणि वस्तूंस नांवें देणें हें दुसरें.

अवघड कामाचा शीण माणूस विनोदानें घालवितो. पडद्यावर मजकूर एकेक पान दाखविणाऱ्या एका जुन्या आज्ञावलीचें नांव 'मोअर', म्हणजे 'अधिक', असें होतें. पुढें मार्क न्यूडेलमन यांनीं तिच्याहून सरस आज्ञावली केली आणि तिचें नांव ठेवलें 'लेस', म्हणजे 'उणें'! थोडक्यांत गोडी असते अशा अर्थाची इंग्रजींत एक म्हण आहे, तिच्यावरचा हा श्लेष आहे. 'पीएचपी' या संगणकभाषेंत दोन वेळां विसर्गासारखे ठिपके देण्याची एक खूण आहे. त्या भाषेचा गाभा नव्यानें लिहिणारे दोघे तरुण इस्रायलचे असल्यामुळें त्यांनीं त्या खुणेस आपल्या हिब्रू भाषेंतील 'पामायीम नेकुदोतायीम' असें नांव दिलें. त्याचा अर्थ 'दुहेरी विसर्गचिन्ह' इतकाच. परंतु पुष्कळ वर्षें जगांतील नवशिके आपल्या चुकीबद्दल पडद्यावर उमटलेले ते शब्द वाचून, संगणक आपणांस शाप तर देत नाहीं ना, अशा शंकेनें घाबरत असत.

कांहीं नांवें तर केवळ लेखनदोषानें अमर झालीं आहेत. आपण कोणत्या पानावरून आलों हें कळविणारें जें नांव आंतरजालाच्या व्यवहारांत रूढ आहे, त्या 'रेफरर' शब्दांतील इंग्रजी 'आर' हें एक अक्षर गळलें. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या नियमपत्रकांत तें तसेंच राहिलें आणि आज जगभर तें तसेंच लिहावें लागतें. कारण एकट्यानें शुद्ध लिहिलें तर तें दुसऱ्यास कळतच नाहीं. शाळेच्या दाखल्यावर ज्याच्या नांवाची एक मात्रा चुकली आहे, त्यास यांतील मर्म वेगळें सांगावयास नको.

आतां हाच उद्योग मराठींत केला तर? ही कल्पना निव्वळ हवेंतली नाहीं. पायथॉन नांवाच्या संगणकभाषेची तिसरी आवृत्ति २००८ सालीं आली. तेव्हांपासून तींत फंक्शनांचीं नांवें देवनागरींत लिहितां येतात. परंतु आपल्या भाषेंत एक मौजेचा सांपळा आहे. फंक्शनाचें नांव बहुधा आज्ञार्थी असतें, आणि मराठींत आज्ञार्थाचें एकवचन म्हणजे बहुतेक उघडा धातूच. तोच शब्द पुष्कळदां नामही असतो. नको ती माहिती वगळणाऱ्या फंक्शनास कोणी 'गाळ' असें नांव दिलें, तर वाचणारास वाटावें कीं येथें चिखल सांठला आहे! 'कर' म्हटलें तर सरकारास द्यावयाचा कर कीं नुसतीच आज्ञा? 'पळ' म्हणजे धांव, कीं घटकेचा साठावा भाग? बरें, संगणकास अरेतुरे नको म्हणून सभ्यपणानें बहुवचन वापरावें, तर 'गाळ'चा गाळा होऊन तेथें दुकान थाटतां येतें. 'चाळ'चा चाळा होतो, 'मळ'चा मळा होतो, आणि 'कर'चा करा होऊन थेट करवलीच्या हातांत जातो!

अशा नांवांवर चार मित्रांत हंसूं येतें, आणि यावेंच. आम्ही विनोदाचे वैरी नाहीं. परंतु आपल्या साहित्यशास्त्रानें श्लेषास अलंकार मानलें तें कशामुळें, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. श्लेषांत दोन अर्थ असतात आणि दोन्ही शोभतात; एकानें दुसऱ्याचा गळा धरला तर तो अलंकार न राहतां घोटाळा होतो. 'लेस' हें नांव चालतें, कारण आज्ञावली खरोखर सरस आहे आणि थट्टाही खरी आहे. 'गाळ' चालत नाहीं, कारण त्याचा दुसरा अर्थ वाचणारास उलट वाटेस लावतो. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, ही म्हण जणूं अशाच फंक्शनासाठीं केलेली आहे. 'तपासून पाहा' असें नांव असलेलें फंक्शन तपासतां तपासतां हळूच मजकूर पुसूनही टाकीत असेल, तर तो विनोद नव्हे, विश्वासघात होय.

लहानशा आणि विचित्र नांवांची आपणांस संवय नाहीं असेंही नाहीं. पाणिनीनें व्याकरणांत 'टि', 'घु', 'भ' अशा एकाक्षरी संज्ञा योजल्या. अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणांस पुत्रजन्माएवढा आनंद होतो, अशी त्यांची थट्टाही जुनीच आहे. परंतु पाणिनीनें प्रत्येक संज्ञेचा अर्थ सूत्रांतच सांगून ठेवला. वाचणारास अंधारांत सोडलें नाहीं. आणि अष्टाध्यायीचा पहिलाच शब्द पाहा. 'वृद्धि' ही आ, ऐ, औ या स्वरांची पारिभाषिक संज्ञा खरी. पण ग्रंथारंभीं मंगल शब्द असावा म्हणून ती आधीं घातली, असें पतंजलींनीं महाभाष्यांत म्हटलें आहे. एकच शब्द कामही करतो आणि आशीर्वादही देतो. श्लेष करावा तर असा.

नांवाची दुसरी अडचण म्हणजे एकाच नांवाचे दोघे. घरांत "दादा" अशी हांक मारली कीं नेमका आपलाच दादा येतो. तीच हांक मंडईंत मारली तर दहा माना वळतात. प्रोग्रॅमर यासाठीं प्रत्येक नांवास एक कुंपण घालतात आणि कुंपणाबाहेर घराण्याच्या नांवासह हांक मारतात. हा शोध वर्धा जिल्ह्यांतील लोकांस संगणकाच्या पुष्कळ आधीं लागला होता. त्यांचें एक कारंजा आहे आणि वाशीम जिल्ह्यांतही कारंजा आहे. म्हणून एक कारंजा घाडगे आणि दुसरें कारंजा लाड. आष्टी वर्ध्याकडे आहे तशी बीड जिल्ह्यांतही आहे. म्हणून १९४२ च्या लढ्यांतील हुतात्म्यांचें स्मरण देणारी ती आष्टी शहीद. सेलू मात्र येथेंही सेलू आणि परभणीकडेही सेलूच. तेव्हां जिल्हा सांगितल्यावांचून गति नाहीं.

याच जिल्ह्यांत, वर्ध्याहून सुमारें आठ किलोमीटरवर, सेगांव नांवाचें खेडें होतें. १९३० सालीं दांडीस निघतांना गांधीजींनीं स्वराज्य मिळाल्यावांचून साबरमतीच्या आश्रमांत न परतण्याचा निश्चय केला होता. पुढें जमनालाल बजाज यांच्या आग्रहानें ते वर्ध्यास आले, आणि १९३६ च्या एप्रिलांत या सेगांवीं राहूं लागले. देशोदेशींचीं पत्रें तेथें येऊं लागलीं, आणि घोटाळा सुरू झाला. मुंबईहून नागपुरास जाणाऱ्या त्याच लोहमार्गावर बुलढाणा जिल्ह्यांत गजानन महाराजांचें शेगांव आहे. दोन्ही नांवांत फरक एका अक्षराचा, आणि तोही सेगांवास शेगांव म्हणणाऱ्या जिभेवर सहज पुसला जाणारा. पत्रें शेगांवास जाऊं लागलीं. अखेर १९४० सालीं सेगांवाचें नांव सेवाग्राम झालें.

या नामांतराकडे प्रोग्रॅमरच्या दृष्टीनें पाहावें. 'से' जागच्या जागीं राहिला. 'गांवा'चें 'ग्राम' झालें, म्हणजे अर्थ तोच राहिला. आणि मध्यें एक 'वा' आला. तेवढ्यानें टपालाचा घोटाळा मिटला आणि नांवांत त्या ठिकाणचें कामही येऊन बसलें. जुन्या नांवाचा ध्वनि ऐकूं येतो, नव्या नांवाचा अर्थ कळतो, आणि दोन्ही खरे आहेत. शिवाय ज्या गांवाच्या नांवांतच सेवा आहे, त्यास तिचा जाब कोणीही विचारूं शकतो. काम सांगणाऱ्या नांवाचा हाच मोठा गुण आहे. तें मालकासही बांधून ठेवतें.

मात्र नामांतर सोपें नसतें, हेंही आपल्या घरांतच शिकावें. आज्ञावलींत नांव बदलावयाचें तर एक आज्ञा पुरते. जेथें जेथें तें नांव आलें असेल तेथें तेथें क्षणांत बदल होतो. लग्नांत ताटांतल्या तांदळांवर अंगठीनें सुनेचें नवें नांव लिहितात, तें एकाच ताटांत बदलतें. तिची पदवी, बँकेचें पुस्तक, पारपत्र आणि बालमैत्रिणींची हांक, सारें जुन्याच नांवावर राहतें, आणि मीच ती, हें सिद्ध करीत हिंडण्याचें काम जन्मभर तिच्या वांट्यास येतें. ही चाल पुष्कळ घरांनीं सोडली, तें योग्यच झालें. जेथें ती उरली आहे, तेथें निदान जिचें नांव आहे तिला आधीं विचारावें.

ज्याला तें नांव वागवावें लागणार आहे, त्याचा विचार नांव ठेवणारानें करावा, एवढेंच आमचें म्हणणें. एखाद्या रुग्णालयांत औषधाची मात्रा मोजणाऱ्या आज्ञावलींत बिघाड झाला आहे, रात्रीचे दोन वाजले आहेत, आणि एक तरुण मुलगी एकटीच तो शोधीत आहे, अशी कल्पना करा. तिच्यापुढें जर 'भोपळा', 'मामाचा गांव' आणि 'देव जाणे' अशा नांवांचीं फंक्शनें आलीं, तर ज्या मित्रांसाठीं तो विनोद केला ते तिच्या मदतीस असणार नाहींत. विनोदासाठीं आज्ञावलींत एक राखीव जागा असतेच. संगणक जिकडे ढुंकूनही पाहत नाहीं अशा टीपा जागोजाग लिहितां येतात. त्यांत हवी तेवढी थट्टा करावी. नांव मात्र कामाचेंच असूं द्यावें.

आमच्या वाचकभगिनींस एक सुचवावेंसें वाटतें. या सुटींत मुलें घरीं आलीं म्हणजे त्यांच्या एखाद्या फंक्शनाचें नांव विचारा, त्याचा मराठींत अर्थ करून घ्या, आणि तें काय काम करीत असेल तें ओळखून पाहा. ओळखतां आलें, तर मुलानें नांव चांगलें ठेवलें. नाहीं आलें, तर त्या नांवास खुशाल नांवें ठेवा.