शीन-काफ आणि दोन ग्रॅम

उर्दूत ज्याचे उच्चार स्वच्छ, त्याचे ‘शीन-काफ दुरुस्त’ आहेत असं म्हणतात. रविवारी माझ्याकडे उर्दू वाचायला येणाऱ्या मुलांचे शीन-काफ दुरुस्त करायचा माझा एक ठरलेला उपाय आहे : बेगम अख्तर ऐकवायच्या. बाई १९७४ मध्ये गेल्या, पण नुक्ता कानाला कसा ऐकू यायला हवा हे शिकवायला त्यांच्याइतकं चांगलं मला अजून कुणी सापडलेलं नाही. मोबाईलवरही ऐकवता येतं. पण मामूंच्या एलपी घरात पडून होत्या आणि गेल्या वर्षी मी हौसेने टर्नटेबल घेतलं होतं. म्हटलं, तबकडी फिरताना मुलांना बघू दे.

पहिली बाजू संपत आली तेव्हा सातवीतला एक मुलगा म्हणाला, “सर, त्या ‘श’ म्हणतात का ‘स’?”

खरंच कळत नव्हतं. जिथे श, स किंवा ज़ येई तिथे तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्रर्र आवाज. ज्या गझलेने ज़ शिकवायचा, तिच्यातच ज़ नाही! अम्मी आतून म्हणाली, “घिस गई रे वो. मामू कित्ता बजाते थे. दे डाल भंगारवाले को.”

मलाही तसंच वाटलं होतं. विजापूर वेशीकडच्या ओळखीच्या दोन घरांतून रेकॉर्डच्या पेट्या अशाच गेल्या आहेत. कारण दोन्हीकडे एकच, ‘आवाज खराब येतो’. आता माझं मत असं झालंय की आवाज खराब म्हणजे रेकॉर्ड खराब, हा निकाल आपण साक्षीपुरावा न घेताच देतो. आधी सुईची चौकशी व्हायला हवी.

तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, सुई कडेला असो की मध्याजवळ. पण कडेचा फेरा लांब आणि आतला आखूड. कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलाजवळ येईपर्यंत जेमतेम २१. म्हणजे तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने बसवलेलं असतं. त्यात श, स, ज़ हे उंच कंपनांचे ध्वनी, त्यांची वळणं सर्वांत बारीक. सुई जराशी तिरकी बसली असेल तर ती पहिल्यांदा इथेच अडखळते. काफ घशातून येतो, तो बऱ्यापैकी तग धरतो. शीन आधी जातो. आणि तोही बाजूच्या शेवटच्या गाण्यात जास्त. मुलाने प्रश्न विचारला तो नेमका तिथेच.

ज्या दुकानातून टर्नटेबल घेतलं तिथे ‘सगळं सेट करून दिलंय’ असं सांगितलं होतं. मी विश्वास ठेवला. (बी.एड.ला पाठ टाचण न तपासता वर्गात जाऊ नका, असं आम्हाला बजावून सांगायचे.) शेवटी एका सुट्टीत स्वतःच बसलो. गवंडीकाम करणाऱ्या शेजाऱ्याची पाणसळ आणली. टेबल एका बाजूला उतरतं निघालं, पायाखाली पुठ्ठा घातला. मग सुई ज्या छोट्या डबीत बसते ते कार्ट्रिज. ते सरळ बसलंय का हे बघायला एक छापील कागद मिळतो. त्यावर तबकडीच्या मध्यापासून साधारण ६६ आणि १२१ मिलिमीटरवर दोन खुणा असतात. दोन्ही खुणांवर कार्ट्रिज रेघांना समांतर दिसलं पाहिजे. पहिला कागद झेरॉक्सच्या दुकानात पानात बसवायला थोडा लहान करून छापला गेला होता, त्यावर मी पूर्ण एक संध्याकाळ वाया घालवली. छापल्यावर आधी पट्टीने मोजा. नीट कागदावर पाहिलं तर माझं कार्ट्रिज दोन-तीन मिलिमीटर मागे आणि चांगलंच तिरकं होतं. दोन बारीक स्क्रू सैल करून ते सरळ करायला दोन तास लागले. चष्मा लावून.

पण मोठी चूक दुकानाची नव्हती, माझी होती. सुईचा भार मी मुद्दाम कमी ठेवला होता. जुन्या रेकॉर्ड आहेत, हलक्या हाताने वाजवाव्यात, हा विचार. माझं कार्ट्रिज ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई आहे, त्याला दोन ग्रॅम भार लागतो, १.८ ते २.२ चालतो. छोट्या डिजिटल काट्यावर सुई टेकवली तर आकडा आला १.१. सुई हलकी असली की ती खाचेत टिकत नाही, उंच आवाजाला भिंतीवरून सुटते आणि पुन्हा आदळते. तो चर्रर्र म्हणजे ते आदळणं. मी माया करत होतो आणि रेकॉर्ड झिजवत होतो.

मामूंची चूक बरोबर उलटी. त्यांच्याकडे एचएमव्हीचा पेटीसारखा प्लेअर होता, त्याची सुई मुळातच जड. रेकॉर्ड अडकली की ते वर चाराणे ठेवायचे. चाराण्याचं नाणं म्हणजे आणखी अडीच ग्रॅमच्या आसपास. तेव्हा घरोघरी हाच इलाज होता. मामू लूमवर कामाला, आयुष्यभराच्या खडखडाटाने त्यांच्या कानाला बारीक आवाज फारसे येतच नसावेत. घरभर सुताची भुरी उडायची, तीही खाचेत बसायची. मग सुई अडके, मग चाराणे. आज मी रेकॉर्ड लावण्याआधी मऊ ब्रश फिरवतो, सुईवरची भुरी मागून पुढे हळूच काढतो. एवढं जरी त्या काळी कुणी सांगितलं असतं तर चाराण्याची वेळ आली नसती.

काही वाचक विचारतील, मौसिकीवर एवढा वेळ का. गाणं जायज की नाही यावर उलेमांमध्ये शतकानुशतकं मतभेद आहेत, तो वाद मी इथे मिटवणार नाही. मामूंच्या पेटीत गझलांबरोबर नात आहेत, कव्वाल्या आहेत. ज्यांना ऐकायचं नाही त्यांनी जरूर ऐकू नये, पण भंगारात देण्याआधी ऐकणाऱ्याला विचारावं. दुसरा गट ‘जुन्या रेकॉर्डची खरखर हीच तर मजा’ म्हणणारा. शोभेसाठी टर्नटेबल दिवाणखान्यात ठेवणारे हेच. मला हे पटत नाही. धूळ आणि तिरकी सुई यांचा आवाज म्हणजे बेगम अख्तर नव्हेत. त्यांनी ज़ स्वच्छच म्हटला होता.

मराठी मुलांना खरं तर ज़ अवघड जाऊ नये. ‘जरा’ आणि ‘जास्त’मधला ज आपण त्याच्या जवळचाच म्हणतो. फक्त तो ऐकू यायला हवा. दोन ग्रॅमवर, सरळ सुईने तीच बाजू पुन्हा लावली. शेवटच्या गझलेत थोडी झीज आहे, पण श हा श आहे. त्या मुलाने काही न सांगता दोनदा उच्चार करून पाहिला.

सगळंच दुरुस्त झालं असं नाही. मामूंची सर्वांत लाडकी कव्वालीची रेकॉर्ड कुठल्याच भारावर नीट वाजत नाही. ती चाराण्यांनी खाल्ली.

आणि पेटीच्या तळाशी लाखेच्या दोन जाड तबकड्या निघाल्या, ७८ फेऱ्यांच्या. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या. कैरान्याचे खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले, १९३७ मध्ये गेले, मिरजेच्या दर्ग्याजवळच दफन आहेत. एका तबकडीवर त्यांनी गायलेलं ‘मानापमान’मधलं मराठी पद आहे. त्यांचा मराठी ‘ज’ कसा लागतो ते मला ऐकायचंय. पण या खाचा रुंद. एलपीची सुई जेमतेम १८ मायक्रॉनची, इथे त्याच्या तिप्पट-चौपट जाड सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाच्या धुळीत घसटत जाते. त्यामुळे लावून पाहायचा मोह आवरलाय. सोलापूरच्या उन्हात पत्र्याखाली ठेवू नको म्हणून अम्मीनेच त्या कपाटात उभ्या लावल्यात. ७८ ची सुई मागवली आहे, यायची आहे.