खडी गंमत आणि नाटकाचा गल्ला
भंडाऱ्यात रॉक बँड शोधायला जाऊ नये; आपल्याकडे मुख्य प्रवाहाबाहेरचं संगीत म्हणजे दंडार आणि खडी गंमत. ढोलकी, तुणतुणं, बाईच्या वेषातला नाच्या, शाहिराची उत्स्फूर्त कोटी, आणि पडदा नाहीच. झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याचं, नाटक याच मातीतलं, पण त्याचा धंदा वाढला. धान निघालं की गावोगावी मंडई, बैलांच्या शर्यतीचा शंकरपट आणि रात्रभर नाटक. नाटक ठरवायचं तर गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला, तिथल्या नाटक कंपन्यांच्या ऑफिसात. पैसा आला तसा ऑर्गन-तबल्याशेजारी ऑक्टोपॅड आला, कथा थांबवून नाचगाणी आली, पोस्टरवर मालिकेतल्या नटीचा फोटो आला. २०२२ मध्ये या रंगभूमीवरचा 'झॉलिवूड' हा सिनेमाही आला, २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. या बदलाला भ्रष्ट होणं म्हणणारे बहुधा तिकीट काढत नाहीत. तिकडे अमेरिकेत 'निर्वाणा' या रॉक बँडच्या 'नेव्हरमाइंड' अल्बमने जानेवारी १९९२ मध्ये मायकल जॅक्सनला पहिल्या क्रमांकावरून खाली खेचलं, आणि पुढच्या 'इन यूटेरो'साठी त्यांनी ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीला गाठून मुद्दाम खरखरीत आवाज मागितला. यश नाकारायलाही आधी ते पदरात पडावं लागतं. खडी गंमतीच्या शाहिराला ही चैन कुठली? मला खटकतो तो ऑक्टोपॅड नव्हे. खटकतं हे की नाटक मंडळाला आधीच ठाऊक असतं, कुठल्या गाण्यावर शिट्ट्या पडणार; शाहिराला मात्र समोरच्या पार्टीचा सवाल ऐकेपर्यंत आपला जवाबही ठाऊक नसायचा.