अजात बालक आणि आपले मत



काही काळापूर्वी रविवारच्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध माउली देवळाच्या दाराशी माझी वाट पाहत थांबल्या होत्या. मागील तीन रविवार त्यांनी ख्रिस्तप्रसाद स्वीकारला नव्हता, हे माझ्या ध्यानात आले होते. त्या म्हणाल्या, "फादर, माझ्या हातून महापाप झाले आहे असे म्हणतात. ते खरे काय, एवढे मला सांगा."

हकीगत अशी होती. परदेशी राहणाऱ्या त्यांच्या भाच्याने घरातील मोबाइलवर एक संदेश पाठविला होता. गर्भपाताला मान्यता देणाऱ्या पक्षास जो कॅथोलिक मत देईल तो महापापी होय, असा त्याचा आशय. नातीने तो मोठ्याने वाचून दाखविला आणि आजीबाईंच्या जिवाला घोर लागला. "मी लग्न होऊन या गावी आले तेव्हापासून मत देत आले आहे. त्यातले कोणते मत पापाचे होते, फादर?"

त्यांना मी जे उत्तर दिले ते आज थोड्या विस्ताराने येथे मांडतो. हाच प्रश्न आणखी काही घरांत विचारला गेला आहे, असे मला समजते. पुढे जे घडले तेही त्यांच्या अनुमतीने सांगणार आहे.

प्रथम ख्रिस्तसभेची शिकवण. तिच्यात काडीइतकाही फरक करण्याचा अधिकार मला नाही. आईच्या उदरातील बालक हा परमेश्वराने निर्मिलेला जीव आहे. त्याचा हेतुपुरस्सर नाश करणे हे सर्व काळी आणि सर्व देशी घोर पाप होय. तो जीव निरपराध आहे, स्वतःच्या रक्षणासाठी त्यास हात उचलता येत नाही आणि ओरडताही येत नाही. म्हणून रस्ते, वीज, कर, शेतमालाचा भाव या प्रश्नांच्या रांगेत त्याचा प्रश्न उभा करता येणार नाही. ज्याचे जगणेच हिरावून घेतले, त्याला रस्ता आणि वीज कोणत्या उपयोगाची?

आता तो संदेश कोठून आला ते पाहू. अमेरिकेत १९७३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला आणि २०२२ साली त्याच न्यायालयाने तो निर्णय फिरविला. त्या पन्नास वर्षांत तेथील दोन मोठे पक्ष या प्रश्नावर समोरासमोर उभे राहिले. तेथील मतदारापुढे हा प्रश्न खरोखरच येतो. तेथील धर्मगुरूंनी व भाविकांनी त्यावर पुष्कळ वाद केला आणि त्या वादाचे तुकडे समुद्र ओलांडून आपल्या मोबाइलवर येतात.

आपल्या देशाची स्थिती निराळी आहे. आपल्याकडे हा कायदा अमेरिकेच्याही आधी झाला. अडाणी हातांनी, चोरून केलेल्या गर्भपातांत अनेक स्त्रिया प्राणास मुकत होत्या. त्याचा विचार करण्यासाठी १९६४ साली शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या अहवालावरून १९७१ साली संसदेने कायदा केला. त्या स्त्रियांचे मरण हे खरे दुःख होते, हे आपण मान्य केले पाहिजे. त्यावर योजलेला उपाय मात्र आपण मान्य करू शकत नाही. पुढे २०२१ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन काही प्रकारच्या स्त्रियांसाठी वीस आठवड्यांची मर्यादा चोवीस आठवड्यांपर्यंत वाढविण्यात आली. आता हे लक्षात घ्या की, १९७१ चा कायदा एका पक्षाच्या राजवटीत झाला आणि २०२१ ची दुरुस्ती दुसऱ्या पक्षाच्या राजवटीत झाली. हा कायदा रद्द करू असे वचन देऊन आपल्या दाराशी मते मागावयास कोण आले आहे? मला तरी कोणी भेटलेले नाही.

मग या देशातील कॅथोलिक मतदार पापावाचून मत देऊच शकत नाही काय? तसे नाही. ख्रिस्तसभेचे नीतिशास्त्र येथे एक महत्त्वाचा भेद करते. समजा, एका माणसाने चोराला चोरीसाठीच आपल्या गाडीतून नेले, तर तो चोरीचा भागीदार होय. परंतु बसच्या चालकाने चाळीस उतारू बाजाराला नेले आणि त्यांत एक चोर निघाला, तर चालक काही चोर ठरत नाही. उमेदवार गर्भपाताचा पुरस्कार करतो एवढ्याचसाठी जो त्यास मत देतो, तो त्या पापात मनाने सामील होतो. परंतु जो त्या मतास विरोध करतो आणि अन्य गंभीर कारणास्तव मत देतो, त्याचा त्या पापाशी येणारा संबंध दूरचा असतो. कारण तेवढेच वजनदार असेल तर असे मत देण्यास मुभा आहे. पुढे पोप बेनेडिक्ट झालेले कार्डिनल रॅट्झिंगर यांनी २००४ साली अमेरिकेच्या महागुरुस्वामींना हाच भेद स्पष्ट करून सांगितला होता.

"कारण वजनदार असेल तर" हे शब्द मात्र विसरू नका. आपल्या जातीचा उमेदवार आहे, त्याने आपल्या पोराला नोकरीचे आश्वासन दिले आहे, ही कारणे त्या तराजूत टाकण्याजोगी नाहीत. आदल्या रात्री मिळालेली बाटली आणि पाचशेची नोट तर त्या तराजूला हातही लावू शकत नाही. मत विकणे हे स्वतःच पाप आहे.

मग वजनदार कारण कोणते? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली जीवनाविरुद्धच्या अपराधांची यादी केली, तेव्हा खून आणि गर्भपात यांच्याबरोबरच माणसाला जनावरासारखे जगावयास लावणारी दुःस्थिती, गुलामगिरी आणि मजुरांची पिळवणूक यांचाही उल्लेख केला. परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी २०१८ साली हेच पुन्हा बजाविले: अजात बालकाचे रक्षण ठामपणे केलेच पाहिजे, परंतु जन्मास आलेल्या दरिद्री, टाकून दिलेल्या व वृद्ध माणसाचे जीवनही तितकेच पवित्र आहे.

आपल्या इंदूर धर्मप्रांतास हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. उदयनगरच्या भगिनी राणी मरिया यांनी भूमिहीन मजुरांची बाजू घेतली आणि त्यांना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी धडपड केली. त्यापायी २५ फेब्रुवारी १९९५ रोजी, इंदूरला येणाऱ्या बसच्या प्रवासात, त्यांची हत्या झाली. बरोबर एक महिन्याने, २५ मार्च १९९५ रोजी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी मानवी जीवनाच्या पावित्र्यावरील आपले थोर परिपत्रक प्रसिद्ध केले आणि त्यात गर्भपाताचा कठोर निषेध केला. २०१७ च्या ४ नोव्हेंबरला इंदूर येथे भगिनी राणी मरिया यांना 'धन्य' घोषित करण्यात आले, तेव्हा आपल्यापैकी कित्येक जण तेथे उपस्थित होते. ते परिपत्रक आणि ते बलिदान यांची शिकवण एकच आहे. उदरातील जीव आणि शेतातील मजूर हे एकाच पित्याची लेकरे आहेत.

आपल्या मध्य प्रदेशात २०२० साली जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी त्रेचाळीस बालके पहिला वाढदिवस पाहण्यापूर्वीच दगावली. साऱ्या देशाची सरासरी अठ्ठावीस होती. म्हणून उमेदवार दाराशी आला की त्याला विचारा: आमच्या आरोग्य केंद्रात परिचारिका रात्री असेल काय? अंगणवाडीत मुलांना आहार नियमित मिळेल काय? गर्भलिंग तपासणाऱ्यांवर १९९४ च्या कायद्याप्रमाणे कारवाई होईल काय? मजुरीसाठी परगावी जाणाऱ्यांच्या लेकरांचे काय? शेजाऱ्या-शेजाऱ्यांत द्वेष पेरणाऱ्यांना तुम्ही आवराल काय? १९७१ चा कायदा तो आमदार बदलू शकणार नाही. परंतु या गोष्टी त्याच्या आवाक्यातील आहेत आणि यांनी अजात व जात, दोन्ही बालकांचे प्राण वाचतात.

एकही उमेदवार योग्य वाटला नाही तर? २०१३ पासून मतयंत्रावर 'नोटा' आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत, एका प्रमुख पक्षाच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला तेव्हा, आपल्या इंदूर मतदारसंघातील २,१८,६७४ मतदारांनी तेच बटण दाबले. सदसद्विवेकबुद्धीने तसे करण्यास प्रत्यवाय नाही. मात्र त्याने निवडणूक रद्द होत नाही. ज्याला अधिक मते पडतात तोच निवडून येतो. हात धुऊन मोकळे होण्यासाठी ते बटण नाही. हात तर पिलातानेही धुतले होते.

कोणत्या पक्षास मत द्यावे ते मात्र मी सांगणार नाही. धर्माच्या नावाने मते मागणे या देशाच्या कायद्यास मंजूर नाही आणि धर्मगुरूने पक्षाचे काम करावे हे ख्रिस्तसभेसही मंजूर नाही. परमेश्वराने सदसद्विवेकबुद्धी प्रत्येकास दिली आहे. ती मी तुमच्याकडून काढून घेऊ शकत नाही.

हे सर्व मी आजीबाईंना थोडक्यात सांगितले आणि म्हणालो, "बाई, तुमच्या मतात पाप नाही. मनातली भीती टाका आणि पुढच्या रविवारी ख्रिस्तप्रसादाला या."

मला वाटले होते त्या सुटकेचा श्वास टाकतील. त्या तेथेच उभ्या राहिल्या. मग पदर सावरीत हळूच म्हणाल्या, "फादर, घरात सुनेला तिसऱ्यांदा दिवस गेले आहेत. आधीच्या दोन मुली आहेत. मुलगा म्हणतो, यंदा शहरात नेऊन तपासून घेऊ. मी ऐकले आणि गप्प बसले."

वाचकहो, मी निरुत्तर झालो. दिल्लीतील कायद्यावर आणि अमेरिकेतील पक्षांवर आमचे बोलणे चालले होते आणि ज्या बालकाचा प्रश्न होता ते त्यांच्याच घरात होते. १९९४ चा तो कायदा असे गृहीत धरतो की, अशी तपासणी झाली तर उलट सिद्ध होईपर्यंत त्या स्त्रीवर नवऱ्याने किंवा नातलगांनी बळजबरी केली आहे. कायदा करणाऱ्यांना आपली घरे ठाऊक होती. आणि मी? मी वर्षानुवर्षे वेदीवरून गर्भपाताचा निषेध केला, परंतु मुलीच्या लग्नाच्या खर्चापायी आपल्याच घरांत मुलगी नकोशी होते, यावर एकदाही प्रवचन दिले नाही. तो दोष माझा आहे.

आजीबाई घरी गेल्या आणि मुलाशी बोलल्या. त्याने दोन महिने आईशी अबोला धरला. सुनेला कोठेही नेले नाही. तिसरी मुलगीच झाली. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिचा बाप मागच्या बाकावर बसला होता. तो अजूनही पुरता निवळलेला नाही, असे आजी सांगतात. सुनेने मात्र त्या दिवशी सासूच्या हातात बाळ दिले आणि म्हटले, "ही तुमची."

ज्या भगिनींच्या बाबतीत असे बोलणारे कोणी घरात नव्हते आणि नको ते घडून गेले, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे: निराश होऊ नका. २०१६ साली परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना कायमचा दिला. प्रायश्चित्त संस्काराचे दार उघडे आहे. तेथे तुम्हाला कोणी हाकलणार नाही.

मतदानाचा दिवस येईल तेव्हा अवश्य जा आणि विचार करून बटण दाबा. परंतु तो दिवस काही वर्षांतून एकदा येतो. सून सासरी रोज राहते. आज रात्री जपमाळेची प्रार्थना संपली की तिच्याशी दोन शब्द बोला.