आडव्या बाटलीनंतरचा प्रश्न

दरवर्षी ३ जानेवारीला शिरवळजवळ महामार्ग सोडून गाड्या नायगावच्या दिशेने वळतात. सावित्रीबाई फुले यांच्या जन्मगावी त्या दिवशी मोठा कार्यक्रम असतो, भाषणे होतात आणि शिक्षणाच्या कामाची उजळणी होते. दारूचा विषय मात्र त्या भाषणांत सहसा नसतो. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते आणि १८८० मध्ये त्यांनी शहरात नवी दारूची दुकाने उघडण्याला लेखी विरोध केला होता, हे फार थोड्यांना आठवते. याच जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. सातारा जिल्ह्याशी नाते असलेल्या या घराची नजर तेव्हा सातासमुद्रापलीकडे होती.

त्याच १८७३ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील ओहायो राज्यात बायका दारूच्या गुत्त्यांसमोर जाऊन बसू लागल्या होत्या. रस्त्यावर, थंडीत त्यांच्या प्रार्थना चालत. पुढच्या वर्षी त्यातून ख्रिस्ती महिलांची मद्यपाननिषेधक संघटना उभी राहिली. १८७९ मध्ये तिची सूत्रे फ्रान्सेस विलार्ड यांच्याकडे आली. नवऱ्याचा पगार गुत्त्यात जातो, मार घरी बसतो आणि कायद्याने बाईच्या हातात काहीच नाही, अशी त्या बायकांची साधी तक्रार होती. म्हणून १८७९ मध्ये त्यांनी इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाकडे अर्ज केला. आपल्या गावात गुत्त्याला परवाना द्यायचा की नाही, एवढ्यापुरते तरी बायकांना मत द्या, अशी त्यांची मागणी होती. लाखाच्या वर सह्या झाल्या, तरीही अर्ज बासनात गेला.

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेलेल्या पंडिता रमाबाईंनी ही चळवळ जवळून पाहिली. १८८९ मध्ये त्यांनी मराठीत लिहिलेल्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनात या बायकांच्या संघटनशक्तीचे मनापासून कौतुक आहे. कौतुक योग्यच होते. इलिनॉयच्या बायकांना जे मिळाले नाही, ते आज महाराष्ट्रातील बाईकडे आहे. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातील महिलांनी अर्ज केला की तहसील कार्यालय मतदान घेते. मतपत्रिकेवर एक उभी बाटली असते, एक आडवी. आडवीला निम्म्याहून जास्त मते पडली की दुकानाला कुलूप लागते.

पण निम्मी कशाच्या? मतदार यादीतील एकूण महिलांच्या. लेक लग्न होऊन गेली, सून नवऱ्याबरोबर मुंबईला राहते, एखादी आजी वारली तरी नाव यादीत आहे, अशा सगळ्या न आलेल्या बायका दुकानाच्या बाजूने धरल्या जातात. ज्या जिल्ह्यातील घरेच्या घरे पोटासाठी मुंबई-पुण्याला गेली, तिथे ही अट फारच जड आहे. आमदार निवडताना झालेल्या मतांतूनच निकाल लावतात. दुकानासाठी वेगळा हिशेब का असावा, याचे उत्तर कुणी देत नाही. ही अट बदलायला हवी.

अमेरिकेच्या त्या चळवळीची दुसरी बाजू मात्र रमाबाई परतल्यानंतर जास्त उघडी पडली, आणि आरोग्याच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. मेरी हंट यांच्या पुढाकाराने राज्याराज्यांत कायदे होऊन शाळांमध्ये दारूच्या दुष्परिणामांचे धडे सक्तीचे झाले. सुरुवात १८८२ मध्ये व्हरमाँटने केली. हेतू चांगला होता, पण पुस्तकांत शास्त्रापेक्षा भीतीच जास्त भरलेली होती. घोटभर दारूही विष, ती शरीरात जशीच्या तशी राहते, असे मुलांना शिकवले जाई. डब्ल्यू. ओ. ॲटवॉटर या शास्त्रज्ञाने माणसाला बंद कोठडीत ठेवून त्याच्या शरीरातून निघणारी उष्णता मोजली. थोडी दारू शरीरात जळते आणि तिच्यापासून ऊर्जा मिळते, असे त्याला दिसले. त्याने मोजले ते खरे होते. आज आहारशास्त्रात दारूच्या एका ग्रॅमला सुमारे ७ कॅलरी धरतात. तरीही चळवळीने त्याच्यावर झोड उठवली. पुढे १९०३ मध्ये नामवंत अभ्यासकांच्या एका समितीने ही पाठ्यपुस्तके सदोष ठरवली.

ही लबाडी करण्याची गरजच नव्हती, आणि आज तर मुळीच नाही. मद्य कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच जाहीर केले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, स्तन या सगळ्या ठिकाणी त्याचा धोका आहे. आरोग्याला धोका नाही अशी मद्याची कोणतीही मात्रा सांगता येत नाही, असे याच संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. मुलांना एवढे खरे सांगितले तरी पुरे. घरात रोज पिणारा काका धडधाकट दिसत असताना ‘एका घोटात मरतो’ म्हणणाऱ्या शिक्षकावर मूल पुढे कशातच विश्वास ठेवत नाही.

तिसरी गोष्ट दुकान बंद होते त्या दिवसाची. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली, की हात थरथरतात, झोप उडते, काहींना फिट येते. दोन-तीन दिवसांत भास सुरू होतात, माणूस बरळतो आणि उपचार मिळाले नाहीत तर दगावूही शकतो. घरच्यांना वाटते बाहेरचे काही झाले, म्हणून त्याला देवऋषाकडे नेतात. खरे तर त्याला रुग्णालयात ठेवून मेंदू शांत करणारी औषधे आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने द्यावी लागतात. ज्याला हे मिळत नाही तो हातभट्टी शोधतो. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून अधिक लोक मेले. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात अमेरिकेनेही अशा दारूचे बळी मोजले.

पुण्यात ‘मुक्तांगण’ १९८६ मध्ये सुरू झाले तेव्हा व्यसन हा आजार आहे, हे सांगावे लागत होते. आज ते पटते, पण सोय मोठ्या शहरापुरती राहिली आहे. शिरवळच्या कारखान्यात तीन पाळ्यांत काम करणारा माणूस महिनाभराची रजा काढून पुण्याला दाखल होणे अवघड आहे. म्हणून तहसीलदार ज्या दिवशी मतदानाची तारीख लावतात, त्याच दिवशी जवळच्या ग्रामीण रुग्णालयाला पत्र जायला हवे. चार खाटा राखून ठेवा, औषधे मागवा, आठवड्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञ पाठवा, असे त्यात असावे. आशाताईंना कोणत्या घरी लक्ष ठेवायचे हे आधीच ठाऊक असते. १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक मतपेटीशेजारी लिहून ठेवायला तर एक खडू पुरतो.